हापशीवरचा सवाल

संघपाल गेल्याची बातमी मला शाळेत कळली, मुलांची दुपारच्या जेवणाची पंगत बसली होती तेव्हा. फोन त्याच्या चुलतभावाचा होता. हैदराबादला वर्गात शिकवता शिकवता संघा खाली बसला तो उठलाच नाही, एवढंच त्याला सांगता आलं. त्या दिवशी वेगळ्या राज्यासाठी बंद होता, आदिलाबादहून एकही बस सुटत नव्हती, त्यामुळे मातीला जाता आलं नाही. मी दुपारचा तास घेतला, लसावि शिकवला, घरी येऊन भाकरी थापल्या. रडू आलं नाही. माझ्या एका मैत्रिणीनं मला दगडाच्या काळजाची म्हटलं. म्हणो बापडी. ज्याच्याशी भांडण चालू आहे तो माणूस असा मधूनच उठून गेला की आधी राग येतो, आणि मला तो अजूनही येतो आहे. नंतर या पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. आपल्या जिल्ह्यातून जगात गेलेला गणिती, तुम्ही त्यांच्या बालमैत्रीण, दोन चांगले शब्द लिहा म्हणाले. चांगले शब्द माझ्याकडे आहेत हो. पण लिहायला बसले की आधी दुसरेच बाहेर येतात, त्याला मी काय करू?

भीमपूरच्या अलीकडे आमचं गाव. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. संघाचे वडील तो रांगत असतानाच वारले होते, आणि त्याची आई, आमच्या यशोदामावशी, दिवस उगवायच्या आत निंदणाला जायच्या ते अंधार पडता परत. त्यामुळे संघा आमच्याच घरी वाढला म्हटलं तरी चालेल. माझे बाबा मराठी शाळेत गुरुजी होते. संध्याकाळी एकाच खाटेवर आम्हा दोघांना बसवून ते गणित घ्यायचे, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की आम्ही दोघं दोन जातीची पाखरं आहोत. "ह्याले काही बी द्या, हा फोडते," ते शेजाऱ्यांना सांगायचे, "आन ही कुंदी, हिले काही देऊ नका, हे आपल्यालेच विचारते." संघा सोडवायचा, मी बनवायची. गायी-म्हशींचे, वाटण्यांचे, रांगोळीच्या ठिपक्यांचे, कसलेही सवाल मी त्याला घालायची. त्याला अडवण्यात मला जो आनंद व्हायचा तो नंतर कशातच झाला नाही. आणि अडवता आलं नाही की त्याहून जास्त व्हायचा, हेही खरंच.

आमच्या वाड्यात, म्हणजे वस्तीत, हापशी एकच. बाया-पोरी रांगेत भांडी लावून ठेवायच्या. तिथला एक नियम होता, आमच्या गावाबाहेर मी तो कुठे पाहिला नाही. आपल्या अगदी पुढ्यात आपल्याहून मोठं भांडं असेल, तर आपण आपलं लहान भांडं त्याच्यापुढे घ्यायचं. चरवीवाली घागरवालीला म्हणणार, सरक, घागरवाली हंडेवालीला म्हणणार, सरक. प्रत्येक सरकण्यामागे एक भांडण ठरलेलं. आमच्या आणि मावशींच्या, दोन्ही घरचं पाणी माझ्याकडे होतं, त्यामुळे ही भांडणं मी रोज पाहायची आणि करायचीही. सातवीत असेन. एके दिवशी माझ्या ध्यानात आलं की भांडणाला कोणीही सुरुवात करो, पुढून होवो की मागून, शेवटी रांग तर एकच लागते, पण भांडणंसुद्धा तितकीच होतात. हे असं काऊन? मी घरी येऊन संघाला विचारलं. तो जेवत होता. ताट तसंच ठेवून त्यानं अंगणात खडे मांडले, बराच वेळ सरकवले आणि मग हसला. प्रत्येक भांड्याच्या पुढे त्याच्याहून मोठी किती आहेत ते मोज, त्या सगळ्यांची बेरीज कर, म्हणाला. एका भांडणात ती बेरीज एकानं कमी होते, ना जास्त ना कमी, म्हणजे भांडणं किती होणार ते रांग लागली तेव्हाच ठरलं. मी थक्क झाले. बाबांनी आम्हा दोघांना गुळाचा खडा दिला, मला विचारल्याबद्दल आणि त्याला सांगितल्याबद्दल.

पुढे गणिताच्या स्पर्धा आल्या, आणि स्पर्धेत गूळ फक्त सांगणाऱ्याला असतो. राज्याच्या परीक्षेला बाबा आम्हा दोघांना हैदराबादला घेऊन गेले होते. मी पहिला सवाल सोडवायचा सोडून त्याला दुसरं शेपूट लावलं तर काय होईल याचा विचार करत बसले, आणि घंटा झाली. बाबा मला रागावले नाहीत, नुसतं कपाळावर हात मारून घेतला. संघा निवडला गेला, देशाच्या शिबिरात गेला आणि तिथून परदेशात, जगभरची पोरं येतात त्या स्पर्धेला. पदक घेऊन आला तेव्हा विहारापासून घरापर्यंत बँड लावला होता. त्यानं ते पदक सगळ्यांदेखत माझ्या बाबांच्या गळ्यात घातलं. हे मी विसरलेले नाही, आणि त्याच्यावर कितीही चिडले तरी हे खोडून काढणार नाही.

त्या पोरांचं पुढे काय होतं, हे कोणी विचारत नाही. स्पर्धेचं वय विशीच्या आत संपतं. संघा मोठ्या संस्थेत शिकला, संशोधनाला परदेशी गेला आणि पदवी न घेताच परत आला. गावात कोणी म्हणालं हवा मानवली नाही, कोणी म्हणालं आईसाठी आला. मला त्यानं, बाबा वारल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला आला तेव्हा सांगितलं होतं, की तिथं सवाल कोणी देत नाही कुंदे, तो आपला आपण शोधावा लागतो. मी तेव्हा हसून सोडून दिलं. हैदराबादला त्यानं स्पर्धेची मुलं तयार करायला घेतली, त्यात नाव कमावलं, पण त्या दुनियेतसुद्धा खरा मान असतो नवा सवाल रचणाऱ्याला. आणि एक दिवस तो मान त्याला मिळाला. त्याचा एक सवाल बाहेरच्या देशातल्या एका स्पर्धेत आला, पुस्तकांत गेला, शिक्षक मंडळी तो एकमेकांना घालू लागली. याच पुरवणीत त्याची मुलाखत आली, मोठा फोटो देऊन. मी चहा पिता पिता वाचायला घेतली. हापशी, रांग, लहान-मोठी भांडी... त्यानं त्यात गोल रांग घातली होती, दोन हापशा केल्या होत्या, पण हाडं माझी होती. आणि मुलाखतीत आईचं नाव देऊन लिहिलं होतं की लहानपणी हापशीवर ताटकळत उभ्या राहणाऱ्या आपल्या आईला पाहून हा सवाल त्याला सुचला.

चहा निवून गेला. बाबा असते तर साक्षीला त्यांना उभं केलं असतं. ज्या घरात माझ्या हातच्या पाण्यानं आंघोळ करून तो शाळेत गेला, त्या घरानंच मला पुसून टाकलं असं वाटलं. इथं भीमपूरच्या शाळेत तेलुगू पोरं मला लेक्कल टीचर म्हणतात, लेक्कल म्हणजे गणितं. त्या पोरांना मी काय सांगणार होते, की पुस्तकातला तो सवाल माझा आहे? कोण विश्वास ठेवणार?

त्यानंतर तो गावी आला तेव्हा मी त्याला अंगणातच गाठलं. नाकारेल असं वाटलं होतं. नाकारलं असतं तर बरं झालं असतं, निदान विसरला म्हणून मनाची समजूत घातली असती. तो मान खाली घालून म्हणाला, "मले सगळं आठवते कुंदे. मी आजवर हजार सवाल फोडले, पन एक बी मले सुचला नाही."

"मंग मले विचारायचं होतं. मी दिले असते." मी म्हटलं.

मी पुढे म्हटलं की पुढच्या पुस्तकात माझं नाव घाल, दुसरं काही नको. घालतो म्हणाला. पुस्तक आलं, नाव नव्हतं. मी फोन केला तर गडबडीत राहून गेलं म्हणाला, पुढच्या आवृत्तीत नक्की. मग मी फोन करणं सोडलं, आणि त्यानंही केला नाही. ती आमची शेवटची भेट आणि ते शेवटचं बोलणं. सोबतच्या माणसाला फसवायला लबाडी लागतेच असं नाही, नुसतं 'पुढच्या वेळी' म्हणत राहिलं तरी पुरतं.

गेल्या आठवड्यात गावातल्या विहारात त्याचं पुण्यानुमोदन झालं. मुलानं मधे हैदराबादला नेलेल्या मावशी केव्हाच परत येऊन त्याच जुन्या घरात राहत होत्या. माणसं पांगली तशी त्यांनी मला आत बोलावलं. भिंतीवर फ्रेम करून ती मुलाखत लावलेली होती. मावशींना वाचता येत नाही, त्यामुळे येईल त्याला ती वाचायला लावतात, हे मी भिंतीच्या अलीकडून ऐकून होते. वाचून दाखव बाई, म्हणाल्या. ज्या आईचा पोरगा गेला तिला नाही कसं म्हणणार? मी फ्रेम मांडीवर घेतली आणि वाचू लागले. हापशीचा मजकूर आला तसं पुढचं गाळावंसं वाटलं. तरी वाचलं, शेवटपर्यंत वाचलं, त्यांच्या नावासकट. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या.

"मी कवा उभी राह्यली वं हापशीवर?" मिटल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या. "मी त निंदाले जावो. त्याच्या आंघोळीचं पानी बी तूच भरे."

मावशींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना सोडून या जगात दुसरा साक्षीदार नव्हता, आणि हा एकमेव साक्षीदार माझ्या भिंतीपलीकडे बसून ही मुलाखत दारातून येणाऱ्या प्रत्येकाकडून वाचून घेत होता. तुम्ही बोलल्या काऊन नाही, एवढं मी कसंबसं विचारलं.

"जनम गेला दुसऱ्याच्या वावरात," त्या म्हणाल्या. "पेपरात माझं नाव येते अन् मी खोटं हाय म्हनू? झालं नाही बाई माझ्यानं."

यावर भांडायचं कसं? माझं नाव जिथं असायला हवं होतं तिथं त्यांचं होतं, आणि ते त्यांना आयुष्यात एकदाच मिळालं होतं. पेपरवाल्यांनी मला संघावर लिहायला सांगितलंय, मी म्हटलं. काय लिहू ते तुम्हीच सांगा. त्यांनी फ्रेम माझ्या मांडीवरून उचलली, पदरानं काच पुसली आणि परत खिळ्याला लावायला उभ्या राहिल्या. हात पुरत नव्हता. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि भिंतीला लावून दिली.

"खरं तेच लिव," माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या. "पन मले वाचून दाखवू नोको."