जांभळ्या सायकलचा चिमटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, इक्बालला तर नाहीच. एकदा आईला सांगणार होतो, तिच्या शेवटच्या आजारपणात. तेव्हा तिची वाचा गेली होती, म्हणजे ती पुढे कुणाला सांगू शकली नसती. तेवढ्याचसाठी तिला निवडलं होतं मी. मग तेही जमलं नाही. माणूस कसा आहे, याचा अंदाज तुम्हाला एवढ्यावरूनच यावा.

मी रोह्याला राहतो. धाटावला एका कंपनीत आहे, शिफ्टची नोकरी. सुटी मिळाली की घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या माउंटन बाइक उभ्या करतो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या, पोलादी नळ्यांच्या, परदेशातून कुठून कुठून भंगारात आलेल्या. गंज खरवडायचा, बेअरिंगचे छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, वाकलेली चाकं तारा ओढून सरळ करायची. मूळचा रंग जिथे टिकलाय तिथे हात लावायचा नाही, गेलाय तिथे तस्साच मिळवून द्यायचा. लोक विचारतात, एवढ्यात नवी नाही का येत? येते की. पण मेलेली वस्तू आपल्या हाताखाली उठून बसते, ते सुख वेगळं — आणि त्याचा गर्वही वेगळा. गर्वाचं आधीच सांगून ठेवतो. पुढे त्याच्याशीच गाठ आहे.

इक्बाल माझा शाळेतला मित्र. पेणचा. आमची शाळा पेणला झाली, मग माझे वडील रोह्याला आले आणि तो कुवेतला गेला. क्रेन चालवायचा. दर दोन वर्षांनी सुटीवर यायचा. एका सुटीत त्याने सामानासोबत एक सायकल आणली. तिकडे कुणी गोरा साहेब नोकरी सोडून जाताना टाकून गेला होता. जांभळा रंग, त्यावर पिवळे शिंतोडे, आणि सगळे भाग मूळचे. मी तशी फक्त फोटोत पाहिली होती.

"सुहास, ही तूच बनव," तो म्हणाला. "जायच्या आधी एकदा रोह्यावरून पेणला घरी हिच्यावर जायचंय. अम्मीला दाखवायचीय."

मी सुटीतल्या सुटीत ती बनवली. रोज फोटो काढून आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकायचो. मुंबई-पुण्याची मंडळी वाहवा करत होती. कुणीतरी लिहिलं, यात एकही भाग बदललेला नाही, कमाल आहे. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल?

चिमटा मी सगळ्यात शेवटी काढला. चिमटा म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा भाग. त्याची वरची नळी सायकलच्या मानेतून आत जाते आणि हँडलला मिळते. बसवलेला असताना ती नळी दिसत नाही. कुणालाच दिसत नाही. मी ती पुसली आणि खाली, जिथे नळी चिमट्याला जोडलेली असते तिथे, नख अडकलं.

चीर होती. केसाएवढी. पुसून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. ओरखडा आहे, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण चिरेच्या आतून गंजाचा तांबूसपणा येत होता. ओरखड्याला आत नसतं. मला ते कळतं. हेच तर एक मला कळतं.

दुसरा चिमटा मिळाला असता. मुंबईत एकाकडे होता, काळा. पण जांभळ्या सायकलला काळा चिमटा? आणि ग्रुपवर काय लिहिणार होतो? इक्बालला तर आदल्या दिवशीच फोनवर सांगून बसलो होतो, तयार आहे, ये. मी त्या चिरेवर ग्रीस लावलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच. आणि चिमटा बसवून टाकला.

विसरलो नव्हतो, हे नीट ऐका. चुकूनही झालं नाही. एकदाच तर जाणार आहे पेणपर्यंत, मग तो कुवेतला जाईल, तेव्हा सावकाश बदलू — असा माझा हिशोब होता.

आम्ही सकाळी निघालो. तो जांभळ्या सायकलवर पुढे, मी माझ्या सायकलवर मागे. भिसे खिंड चढताना तो दमला, पण हसत होता. वर पोचल्यावर त्याने सायकलचा मुका घेतला, खरंच घेतला. मग नागोठण्याकडचा उतार लागला. तो वेगात सुटला. मी ओरडलो, "हळू!" त्याला वाटलं असेल, मित्र काळजीने ओरडतोय.

मागून एक छोटा टेम्पो आला. मला ओलांडून गेला, मग इक्बालला ओलांडायला लागला. तेवढ्यात पुढे रस्ता उखडलेला दिसला, म्हणून इक्बालने पुढचा ब्रेक दाबला. आणि मी बघत होतो. टेम्पो आणि तो, यांच्यामध्ये चांगलं हातभर अंतर होतं. चिमटा मानेखालून तुटला, पुढचं चाक एकटंच निघून गेलं आणि इक्बाल तोंडावर रस्त्यावर आपटला.

टेम्पो पुढे जाऊन थांबला. जाऊ शकला असता, पण थांबला. ड्रायव्हर उतरून धावत आला. जवळच्याच कातकरवाडीतला काशिनाथ वाघमारे. हे नाव मला नंतर कळलं. वाडीतला पहिला ड्रायव्हर तो, गाडी मालकाची. त्याने इक्बालला उचललं. मी उचललं नाही, मी तुटलेल्या चिमट्याकडे बघत उभा होतो. त्यानेच मला हलवलं, "दादा, पाय धरा ना वो!" इक्बालला आणि सायकलच्या तुकड्यांना मागे घालून त्याने गाडी नागोठण्याला पळवली, आणि तिथून पेणला.

पेणच्या दवाखान्याबाहेर आमच्या ग्रुपमधले पेण-रोह्याचे लोक जमले. रक्ताने भरलेला टेम्पो पाहून एकाने मला विचारलं, "याने उडवलं काय?"

मी काय बोललो? काहीच नाही. खाली पाहिलं. तेवढं पुरलं. दोघांनी काशिनाथची गचांडी धरली, त्याला भिंतीशी नेऊन मारलं. तो ओरडत होता, "मी नाय मारला, आईशपथ नाय, दादांना इचारा!" दादा म्हणजे मी. सोडवायला गेली ती इक्बालची अम्मी. म्हणाली, "त्याला का मारताव? त्यानंच आणला ना रं माझ्या पोराला?" तिचा मुलगा आत पडला होता, तरी तिला ते सुचलं.

संध्याकाळी सायकल मी घरी आणली. दुसऱ्या दिवशी हवालदार ती बघायला येणार होता. तुटलेल्या नळीचं तोंड मी पाहिलं. अर्धा भाग चकचकीत होता, नुकता तुटलेला. अर्धा काळा-तांबडा, जुना. जाणकाराने पाहिलं असतं तर एका नजरेत ओळखलं असतं, की ही आधीपासूनच तडकलेली होती. मी कानस घेतली आणि तो जुना भाग घासला, सगळं तोंड सारखं चकचकीत होईपर्यंत. काम छान झालं.

हवालदाराने सायकल पाहिली न पाहिल्यासारखी केली. "टेम्पो किती जवळ होता?" त्याने विचारलं. "अगदी जवळ," मी म्हणालो. पुढे कोर्टातही हेच म्हणालो. खोटं होतं का ते? अगदी जवळच तर होता.

इक्बाल वाचला. त्याचा जबडा बसवला, पण बोलणं जड झालं आणि एका डोळ्याने दिसेनासं झालं. एका डोळ्याच्या माणसाला क्रेनवर कोण बसवणार? कुवेत सुटलं. आता पेणलाच भावाच्या दुकानात बसतो. त्या सकाळचं त्याला काही आठवत नाही, खिंड चढल्याचंही नाही. लोकांनी सांगितलं ते त्याला खरं वाटतं. मी गेलो की ओठ सावरत म्हणतो, "तू एवढी मेहनत केली होतीस रे त्या सायकलवर... त्या टेम्पोवाल्याने घालवली." तो माझं सांत्वन करतो. मी करून घेतो.

काशिनाथला शिक्षा फार झाली नाही, असं सगळे म्हणाले. लायसन गेलं, मालकाने टेम्पो काढून घेतला. नंतर कुणीच त्याला गाडी दिली नाही. वाडीतली माणसं म्हणाली, आपल्यातला एक ड्रायव्हर झाला आणि बघा काय करून बसला.

आणि मी? सायकली बनवणं सोडलं नाही. उलट नाव झालं. नवी मुलं शिकायला येतात, तेव्हा त्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो, की चिमटा आधी काढून तपासा, शंका आली तर फेकून द्या. ग्रुपवर लोक लिहितात, सुहाससरांसारखी काळजी कुणी घेत नाही.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. भित्रेपणा म्हणून पोटात ठेवला असता. पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे — तिथवर यायलाच मी एवढं बोलत बसलो.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी इक्बालकडे गेलो होतो. पेणला तेव्हा गल्लोगल्ली मूर्ती टेम्पोत चढवत असतात, रस्त्याने चालायला जागा नसते. एका कारखान्यासमोर एक माणूस मूर्तीभोवती पेंढा लावून ती टेम्पोत सरकवत होता. त्याने मला ओळखलं, मग मी त्याला. काशिनाथ. वाळला होता. टेम्पोत माल चढवायचा, गाडी चालवायची नाही. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटलं.

त्याने हात पुसले. "तुमचा दोस्त कसा हाय?"

"बरा आहे."

"डोळा?"

"नाही आला."

तो मान हलवत राहिला. मग जवळ आला, आवाज खाली आणून बोलला. "दादा, एक इचारू? तुम्ही मागंच होतात. सगळी म्हणतात माझाच धक्का लागला. मी कोर्टात नाय म्हणलो. पण आता इतकी वर्षं झाली, रोज तेच डोक्यात... मलाच कळत नाय बगा. लागला असंल का वो?"

या जगात त्याला उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस होता, आणि त्याने त्याच माणसाला विचारलं. रागाने नव्हे. खरंच माहीत करून घ्यायचं होतं म्हणून. आजूबाजूला कुणी आमचं ऐकत नव्हतं. हवालदार नव्हता, कोर्ट नव्हतं, केस कधीच मिटली होती. खरं बोललो असतो तर माझं काय जाणार होतं?

मी म्हणालो, "लागला असेल, काशिनाथ. थोडासा."

त्याने मोठा श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी काय नाव देऊ? सुटका होती ती. "बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "आता डोक्याला घोर नाय. माझंच चुकलं मग." आणि मला हात जोडले. कारखान्याच्या मालकाने हाक मारली तसा तो पुढची मूर्ती उचलायला आत गेला.

मी तिथून इक्बालकडे गेलो. अम्मीने जेवायला वाढलं, मी पोटभर जेवलो.

धक्का लागला नव्हता. काशिनाथ पेणलाच आहे. त्याला वाटतं, एका माणसाचा डोळा त्याने घालवला. मी त्याला अजून काहीही सांगितलेलं नाही.