नातीसाठी कोरडे पाय

जव्हारच्या आमच्या आळीत कुणाकडे बाळ झालं की न्हाऊ घालायला मला बोलावणं येतं. पाटावर बसायचं, पाय लांब पसरायचे, बाळ नडग्यांवर पालथं घ्यायचं, तेल चोळून कोमट पाणी ओतायचं. आधी ते आळी डोक्यावर घेतं आणि मग दुपारपर्यंत गाढ झोपतं. माझ्यासारखं हे कुणाला जमत नाही, असं मी स्वतःच सांगते. उगाच विनय कशाला? त्यामुळे माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा बाळाला कोण न्हाऊ घालणार, हा प्रश्नच नव्हता.

आणि नेमका त्याच आषाढात मला नायटा उठला.

तसा तो दर पावसाळ्याचा पाहुणा. परकराची नाडी आवळते तिथून सुरू व्हायचा. यंदा मात्र मांड्यांवरून थेट नडग्यांपर्यंत गोल गोल चट्टे उतरले. आमच्याकडे पावसात धुकं स्वयंपाकघरात शिरतं, मिठाला पाणी सुटतं आणि दोरीवरचे कपडे वाळले असं आपलं म्हणायचं. दमट परकर अंगावर आपोआप वाळतो, अशी माझी पक्की समजूत. खाज सुटली की दुकानातून एखादी ट्यूब आणायची, खाज थांबली की ती फडताळात टाकायची. वरून खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, म्हणजे कातडी मऊ राहते म्हणे.

लेकीने माझे पाय पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

"आई, याच पायांवर तू माझं बाळ घेणार?"

मला इतका राग आला की मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मुकाट्याने दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्याच वयाची. माझी ट्यूब बघून तिने कपाळाला हात लावला.

"काकू, यात स्टेरॉइड आहे. खाज दबते, पण बुरशी पसरतच जाते. हे बंद करा, आणि त्या जागी तेलही लावू नका."

तिने गोळ्या दिल्या, वेगळं मलम दिलं. मग माझ्या वर्मावरच बोट ठेवलं. "पूर्ण बरं होईपर्यंत बाळ पायांवर घ्यायचं नाही. आणि डाग गेले तरी मी सांगेपर्यंत औषध सोडायचं नाही."

रिक्षात मला रडू कोसळलं. साऱ्या आळीची बाळं न्हाऊ घातली आणि स्वतःच्या घरच्या बाळाला दुसऱ्या कुणी घालायचं? घर येईपर्यंत डोळे पुसले आणि ठरवलं, आता या घरात एक तर मी राहीन, नाही तर नायटा.

तेव्हापासून आंघोळ झाली की आधी अंग टिपायचं. जांघा, कंबर, पायांच्या बोटांच्या बेचक्या, काही सोडायचं नाही. मग पंख्याखाली उभं राहायचं, मलम लावायचं आणि त्यानंतरच कपडे घालायचे. घरात नाडीचा परकर बंद. सैल सुती गाऊन. बाहेर जायचा परकर कडकडीत इस्त्री केल्याशिवाय अंगाला लावायचा नाही. वीज गेली तर शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून त्यावर कपडे वाळवायचे. बाळाची दुपटी आम्ही अशीच वाळवतो; स्वतःच्या परकराला तो मान द्यायचं कधी सुचलं नव्हतं. खोडाळ्याच्या बाजारातून भिजून आलं की आधी चहा, मग कपडे, ही जुनी रीतही मोडली.

खरी लढाई झाली पंच्यावरून. आमच्या घरात अंग पुसायला दारामागे एकच पंचा. मी प्रत्येकाचा वेगळा केला तर आमचे हे भडकले. "आज पंचा वेगळा, उद्या चूल वेगळी मांडशील!"

मी पंचे वेगळेच ठेवले. चार दिवसांनी हेच दाराआड उभे राहून जांघ खाजवताना सापडले. "चला, तुमचीही वरात काढते," म्हटलं आणि त्यांनाही दवाखान्यात नेऊन उभं केलं.

श्रावणात नात झाली. तिला न्हाऊ घालायला साखरशेतची एक बाई येऊ लागली. हात चांगला होता तिचा, आणि तेच मला सोसवत नव्हतं. मी दारात उभी राहून सूचना करायची. पाणी जास्त गरम आहे, मान नीट धर. एकदा ती हसत म्हणाली, "बाई, तू बस तिकडं गुमान. पोर तुझीच हाय, मी काय नेत नाय."

भादव्यात खाज थांबली, चट्टे पुसट होत गेले आणि एक दिवस दिसेनासे झाले. दरवर्षी मी इथेच ट्यूब फडताळात टाकत आले होते. यंदा टाकली नाही. नात शेजारच्या खोलीत रडायची आणि मी पंख्याखाली उभी राहून कोऱ्या कातडीवर मलम चोळत असायची.

गणपती उठले, नवरात्र जवळ आलं, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईने माझे पाय उजेडात नीट तपासले आणि म्हणाली, "काकू, जिंकलात. घ्या नातीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाट मांडला आणि पाय पसरले. साखरशेतची बाई मुद्दाम बघायला थांबली होती. लेकीने एकदा माझ्या नडग्यांवरून हात फिरवून पाहिला आणि मग स्वतःच्या हाताने बाळ माझ्या पायांवर ठेवलं. मी तेलाच्या वाटीकडे हात नेला, तेवढ्यात पोरीने धार सोडली. इतके दिवस जिवापाड कोरडे ठेवलेले माझे पाय घोट्यांपर्यंत भिजले. सगळे हसायला लागले, आणि माझे डोळे भरून आले.

लेक घाईघाईने दारामागचा पंचा घेऊन धावली.

"तो ह्यांचा," मी म्हटलं. "माझा खिडकीपाशी आहे. आणि घाई करू नकोस, भिजवू दे तिला."