एका कळशीच्या सात चोऱ्या

सोमवारी सकाळी मुठेच्या घाटावरून बाळंभटांची तांब्याची कळशी नाहीशी झाली. एक कळशी... आणि चार दिवस पुण्यानं माझ्यावर डोक्याला हात लावायची वेळ आणली.

मी कोतवाली चावडीवर कारकून, त्यामुळे बाळंभट ओल्या पंच्यानिशी आले ते माझ्याच पुढ्यात. बुडी मारून वर येतो तो पायरी रिकामी, असं त्यांचं म्हणणं. कोतवालांनी दवंडी पिटायला सांगितली आणि मजकूर मी लिहिला, एका ओळीचा. घाटावरून तांब्याची कळशी गेली आहे, आढळल्यास चावडीवर आणून द्यावी... बस्स.

दवंडी सगळ्या पेठांतून फिरली आणि इथेच घोळ झाला. ज्या पेठेत ढोल वाजला त्या पेठेला वाटलं, कळशी आपल्यातलीच गेली. बाजारात कसब्याचा माणूस म्हणाला, "आमच्याकडे चोरी झाली." शुक्रवारातला म्हणाला, "आमच्याकडेही!" दिवेलागणीपर्यंत सात कळशा गेल्या होत्या आणि नदीपलीकडे एक टोळीही उतरली होती...

मी जीव तोडून सांगत होतो, अहो, एकच आहे, मीच लिहिलंय. तर उत्तर काय? "पंत, तुम्ही सरकारी माणूस. तुम्ही असंच सांगणार."

वीस वर्षं मी हे दप्तर लिहितो आहे. आमच्या पेठेतून वर्षभरात गेलेल्या वस्तू एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात, आणि त्यातलं एक धोतर शेळीनं खाल्लेलं निघालं. पण दप्तर कोण वाचतो! ढोल मात्र सगळ्यांना ऐकू येतो.

मंगळवारपासून घाटावर कोणी फिरकेना. माझ्या घरीही हुकूम सुटला... नदीवर जायचं नाही, अंघोळ हौदावर, देवाचं पाणीही तिथूनच. पन्नाशीला आलेला मी, मुकाट्यानं कळशी खांद्यावर घेऊन हौदावर जाऊ लागलो.

बुधवारी मंडळींनी चोर ठरवून टाकला. चांदभाई कल्हईवाले. वडिलांपासून आमच्या आळीच्या तोंडाशी भाता लावून बसणारं हे घर. लोकांची भांडी नेतात, उजळून आणून देतात. तांब्यापितळेशी ज्याचा संबंध, तोच नेणार... हा पुरावा!

मी शेजारच्या सदोबा वाण्याला विचारलं, "त्यांनी तुमचं एक तरी भांडं बुडवलं का हो?"

"अजून तरी नाही," सदोबा म्हणाला.

चावडीवर एवढी गर्दी झाली की शेवटी वरून हुकूम आला. गुरुवारी दुपारपर्यंत कळशी मिळाली नाही, तर चांदभाईंनी पेठ सोडावी. चांदभाई कोणाशी भांडले नाहीत. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "लेक बाळंतपणाला आलीय, पंत. दिवस भरलेत. अशात तिला घेऊन कुठं जाऊ?"

गुरुवारी सकाळी मी इतका वैतागलो होतो की घरचा हुकूम मोडून कळशीसकट सरळ नदी गाठली. चोर भेटला तर बरंच, म्हटलं. त्याला तरी दोन शब्द ऐकवता येतील.

घाट ओस पडलेला. एक परीट तेवढा कपडे आपटत होता. आणि वरच्या पायरीवर, उन्हात लखलखत, एक तांब्याची कळशी...

"ही कधीपासून आहे रे इथं?"

"सोमवारपासनं हाय की. कुनाची तरी असंल. ज्याची हाय त्यो यील न्यायाला."

तीन दिवस! चोरांनी भरलेल्या पुण्यात, उघड्या घाटावर, तांब्याच्या कळशीला कोणी हात लावला नव्हता. मी ती उचलून उलटी केली. बुडाला डाक होता, भोक बुजवायला चांदभाईंनीच गेल्या साली दिलेला. कळशी माझी होती.

मग मी घरून आणलेली कोणाची?

सोमवारी मीही घाटावर होतो. तोंडानं स्तोत्र चालू, मन दप्तरात... माझी वरच्या पायरीवर राहिली आणि मी खालच्या पायरीवरची उचलून चालू लागलो. तीन दिवस बाळंभटांची कळशी खांद्यावर घेऊन मी चोरांच्या नावानं ओरडणाऱ्या त्याच घोळक्यातून ये-जा केली. एकानंही वळून पाहिलं नाही.

खोटं कशाला सांगू? क्षणभर मनात आलं की त्यांची कळशी इथेच ठेवावी, आपली उचलावी आणि गप्प राहावं. पण मग चांदभाईंच्या नावावरचा डाग कोणी पुसला असता?

चावडीवर दोन्ही कळशा मांडल्या आणि सगळं सांगून टाकलं. हशा पिकला. "अहो पंत, चूक झाली हो तुमची, चोरी कसली!" बाळंभट फक्त एवढंच म्हणाले की आता चिंचेनं घासून घ्यावी लागेल.

मी विचारलं, "हीच चांदभाईंच्या भात्यापाशी सापडली असती, तर चूकच म्हणाला असतात ना?"

"झालं ना आता, पंत," सदोबा म्हणाला, "कशाला वाढवता?" आणि मंडळी पांगली. चांदभाईंना सांगायला जायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

मी गेलो. त्यांनी भाता बांधून ठेवला होता. ऐकून घेतलं आणि गाठ सोडता सोडता म्हणाले, "बरं झालं, पंत, तुमच्याकडे निघाली. तुम्हाला कोणी पेठ सोडायला सांगणार नाही."

संध्याकाळी देवापुढे बसलो. तीन दिवस दुसऱ्याच्या कळशीतलं पाणी त्यानं मुकाट्यानं अंगावर घेतलं होतं, त्याची क्षमा मागितली. मग तो परीट आठवला. सगळं पुणं चोर शोधत असताना हा भला माणूस एका परक्या कळशीच्या शेजारी तीन दिवस धुणं धूत होता, धनी येईल म्हणून. आणि मी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही... आजची वात त्याच्यासाठी लावली.