उजवा कौल आणि तिसरी खुर्ची

फोन शाळेच्या ऑफिसात आला तेव्हा मी सातवीला भूमिती शिकवत होते. माझा धाकटा भाऊ अजय, विमान कंपनीतला कॅप्टन. दिल्लीच्या हॉटेलात सकाळी न्यायला गाडी आली आणि तो खाली उतरलाच नाही. हृदय बंद पडलं होतं. शेहेचाळीस वर्षांचा... तीन आठवडे झाले, आणि तेव्हापासून मी एकच गोष्ट उगाळत बसले आहे.

पंधरा वर्षांपूर्वी अजू कॅप्टन झाला आणि आमच्या मालवणच्या घराचं घड्याळच बदललं. गोव्याला विमान न्यायचं असलं की तो आदल्या दिवशी फोन करायचा. साडेदहाला विमान घरावरून जायचं, आणि आई हातातली मासळी तशीच टाकून अंगणात! "माझो झील वरसून गेलो," असं शेजारणीला सांगितल्याशिवाय तिला घास उतरत नसे. विमान दुसऱ्याच कुणाचं असलं तरी काय बिघडलं?

पण त्याचा खरा जीव शिकवण्यात. सुट्टीत आला की माडीवरच्या खोलीत, भिंतीला चिकटवलेल्या कॉकपिटच्या कागदी चित्रासमोर दोन खुर्च्या मांडायचा, मला शेजारी बसवायचा आणि कागदावरची बटणं दाबायला लावायचा. "इंजिनाक आग लागली ताये, आता काय करतलंस?" मी ओरडायचे, "उडी मारतलंय!" तो पोट धरून हसायचा आणि न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून समजवायचा. वर्गात मला ते कधी जमलं नाही.

गेल्या वर्षी त्याला सिम्युलेटरवर शिकवायला बोलावणं आलं. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरचं खोटं विमान. पुढे दोन पायलट, मागच्या खुर्चीत शिकवणारा. सहामाही तपासणीत त्याचा रक्तदाब वर गेला होता, झोपेचं तर खोबरंच झालं होतं. "दमलंय गो," म्हणायचा. पण एकदा विमानातून कायमचा उतरला की आईचं साडेदहाचं विमान संपलं. महिनाभर त्याचं हो-नाही चाललं. शेवटी म्हणाला, देवाक कौल लावया.

देवळात गुरवाने देवाच्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर विमान सोडायचं, डावी पडली तर उडत राहायचं. उजवी पडली. लगेच. अजूचे खांदे सैल झालेले मी पाहिले. आणि मग आईचा चेहरा पाहिला...

"परत लावा," मी म्हणाले.

"एकदा दिलेलो कौल परत विचारूक नये गो," गुरव म्हणाला. मी ऐकते कसली! दुसऱ्यांदा डावी पडली. अजू एवढंच बोलला, "बरा, ताये." आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेला.

तो जमिनीवर असता तर वाचला असता का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. देवाला विचारायला मला तोंड उरलेलं नाही.

तेराव्यानंतर मी माडीवर गेले. त्या दोन खुर्च्यांच्या मागे तिसरी होती, स्वयंपाकघरातली. कौलानंतरच्या चतुर्थीला आला तेव्हा तो ती वर नेताना मी हटकलं होतं. "आसांदे गो," म्हणाला होता. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

साडेदहाला विमानाचा आवाज अजून येतो. आई आता अंगणात जात नाही. कठडा धरत माडी चढते आणि त्या मागच्या खुर्चीत जाऊन बसते. मी जिन्याखालीच उभी राहते.