दसऱ्याच्या तीन प्रती

नववीत शाळा सुटली तेव्हा वाटलं होतं, परीक्षेची धास्ती एकदाची गेली. ती कसली जाते! लग्न होऊन चिपळूणहून आले, नाचणगावात बिऱ्हाड मांडलं, तरी ती माझ्या ट्रंकेबरोबर आलीच. पुढे तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा क्लास केला आणि कापसाच्या जिनिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात काम मिळालं. नववीवाल्या बाईला खुर्ची दिली ती तिथल्या साहेबांनी. म्हणाले, "ड्रॉइंग काढायचं नाही, सांभाळायचं आहे. घरातले डबे सांभाळता ना, तसं." सहा महिने काम बघून कायम करणार होते. ते सहा महिने मी घराचं कुलूप दोनदा ओढून बघायचे आणि ऑफिसात कुठलंही बटण दाबण्याआधी तीनदा देवाचं नाव घ्यायचे.

कुणी ड्रॉइंग उघडून परत जमा केलं की कॉम्प्युटर त्याची नवी प्रत करायचा आणि जुनीही ठेवून द्यायचा. अशा प्रतींनी डिस्क भरली. साहेबांनी मला कागदावर लिहून दिलं : प्रत्येक ड्रॉइंगच्या शेवटच्या तीन प्रती ठेवा, बाकीच्या काढा. मी दोन आठवडे काढत होते. संध्याकाळी किती जागा मोकळी झाली ते सांगितलं की साहेब "वा!" म्हणायचे. तेवढ्या 'वा'वर माझी सायकल घरापर्यंत पळायची.

असाच महिना गेला आणि अल्लीपूरचा एक जिनिंगवाला पोत्यात लोखंडी दांडा गुंडाळून आला.

"साहेब, मशीन बंद पडली. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर लागल्या. उद्यापर्यंत असाच दुसरा द्या करून."

त्याचं यंत्र आमच्या अगदी पहिल्या यंत्रांपैकी. रोलरचा हा दांडा तेव्हा पितळी बुशात, म्हणजे टोकाला बसवलेल्या नळीत फिरायचा; पुढे आम्ही बुश काढून बेअरिंग बसवलं आणि माप बदललं. आता दांड्याचं टोकही झिजलेलं, बुशही झिजलेला. माप घ्यायचं कशाचं?

"जुनी प्रत काढा," साहेब मला म्हणाले.

मी काढली. तीन प्रती होत्या. पहिली बेअरिंगची, दुसरी बेअरिंगची, तिसरीही बेअरिंगचीच. बुशाची प्रत मीच पुसली होती. बॅकअप दर शनिवारी त्याच टेपवर, आधीचा पुसून घ्यायचा, म्हणजे तीही वाट बंद. नोकरी गेली, आता सासरी काय सांगू, एवढंच डोक्यात.

"साहेब, मी पुसली."

साहेब रागावले नाहीत. वाकून त्यांनी स्क्रीन बघितली. "या तिन्हींत फरक काय आहे?"

"काहीच नाही."

"मग तीनदा जमा कुणी केलं? आणि वर्षावर्षानं?"

मागे वर्कशॉपचे मिस्त्री उभे होते. साऱ्या कारखान्याचे काका. त्यांनी तारखा वाचल्या, बोटांवर मोजलं आणि हसायलाच लागले. "माय वो! हे तं सगळे दसरे हायेत!"

मग माझ्याही लक्षात आलं. दसऱ्याला लेथवर फुलं वाहायची तशी कॉम्प्युटरवरही वाहायची. आणि मुहूर्त म्हणून कारखान्याचं पहिलं ड्रॉइंग, म्हणजे हाच दांडा, उघडून काही न बदलता परत जमा करायचा. यंदा सगळे म्हणाले होते, "कोकणची पाव्हणी हाय, तिच्या हातानं होऊ द्या." केवढी हरखले होते मी! तर तिसरी प्रत माझीच होती.

सगळे हसत होते. मला रडू येत होतं.

"रडतं काऊन वं?" काका म्हणाले. "कॉम्प्युटर नव्हता तवा आपण पूजा कशाची करत होतो?"

"कागदाची," साहेब म्हणाले.

"मंग कुंकू लागलेला कागद कोणी रद्दीत देते काय?"

काका स्टुलावर चढले आणि गणपतीच्या तसबिरीमागे हात घातला. चार घड्या घातलेली निळी प्रिंट निघाली, कागदावरच्या शेवटच्या पूजेची. दांडा होता, बुश होता आणि नेमका मापावर कुंकवाचा डाग. मी पदरानं पुसायला गेले तर काका ओरडले, "थांब बाई! देवाचं कुंकू पुसून राह्यली!" शेवटी कागद ट्यूबलाइटसमोर धरला, तेव्हा डागातून आकडे दिसले. साहेबांनी वाचले, मी लिहिले, तीनदा पडताळले.

दुसऱ्या दिवशी दांडा गेला. अल्लीपूरहून आमच्यासाठी थैलीभर वांगी आली. ती सगळ्यांत वाटून होईपर्यंत मी धीर धरला, मग विचारलं, "साहेब, माझं कसं?"

"तुमचं काय? माझ्या कागदावर होतं तेच तुम्ही केलंत." त्यांनी तो कागद मागून घेतला, 'तीन प्रती' खोडलं आणि लिहिलं, 'आधी मिस्त्रींना विचारा'. मला कायम केल्याचं पत्रही त्यांनीच हातात दिलं. त्यांचे उपकार मी कसे विसरू?

पुढच्या दसऱ्याला पूजेसाठी मी वेगळं कोरं ड्रॉइंग केलं.

"कोऱ्या कागदाची पूजा असते काय?" काका म्हणाले.

म्हणून वर 'श्री' लिहिलं आणि जमा केलं. झालं की नाही अशी शंका आली, म्हणून परत एकदा केलं. त्या वर्षीच्या दोन प्रती आहेत.