पैलवानाचा कंबरपट्टा

गहिनीनाथ पैलवानाला उभ्या आयुष्यात भीती वाटली ती एकाच गोष्टीची. लोक हसतील याची. माजलेला बैल अंगावर आला तर तो शिंगं धरून उभा राहायचा, पण चारचौघांत कुणी खुसकन हसलं की एवढा धिप्पाड गडी आधी स्वतःचं धोतर चाचपून बघायचा.

शेवगाव तालुक्यातल्या त्याच्या गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. नुसतं 'पैलवान'. कुस्ती सुटून जमाना झाला, पोट पुढं आलं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी आखाड्यात मोडलेले कान तेवढे शिल्लक होते आणि त्या कानांवर त्याची सगळी अब्रू उभी होती. यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरला की पंच तो. नारळ फोडायला तो. दोन भावांचं बांधावरून वाजलं तर मध्ये पडायलाही तोच. असं नाव एकदा झालं की ते सांभाळावं लागतं, आणि पैलवान ते दुभत्या म्हशीपेक्षा जास्त सांभाळायचा. टपरीवर तो कपातला चहा घेत नसे, ग्लास मागायचा. कप हातात बरा दिसत नाही म्हणे!

अशा माणसाचा उजवा हात एक दिवस कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला. दैव बलवत्तर म्हणून बोटं राहिली, पण ती वळेनात. नगरच्या दवाखान्यात हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, "बारीक काम करा. ज्वारीतले खडे निवडा, बटणं लावा, काढा." पैलवानानं मान हलवली आणि घरी येऊन दाराला आतून कडी लावून सूप मांडीवर घेतलं. पैलवान खडे निवडताना कुणी पाहिला असता तर त्याला गाव सोडावं लागलं असतं, अशी त्याची समजूत होती.

त्याच दिवसांत त्याची बायको कलाबाई बचत गटात जाऊ लागली. भावकीतली सून वृषाली हा गट चालवायची. तिनं मोबाईलवर बघून बघून एक कला उचलली होती. राजेरजवाड्यांच्या अंगात कड्यांचं चिलखत असायचं ना, तसंच विणकाम, पण बारीक, सोनेरी मुलाम्याच्या कड्यांचं. त्यातून कानातलं, हातातलं, गळ्यातलं काय वाटेल ते व्हायचं. हे शिकवायला ती कलाबाईकडं यायची आणि दोघी ओट्यावर बसायच्या. थोरला माणूस घरात म्हणून वृषालीचा पदर डोक्यावर आणि आवाज खाली. पैलवान दाराआड सूप घेऊन बसलेला असे आणि त्याला सगळं ऐकू जायचं.

"कडी फाकवायची नाही आत्या, पिळायची. एक तोंड पुढं, एक मागं. फाकवली की तिची गोलाई गेली म्हणून समजा. आता चार कड्या मिटलेल्या, पाचवी उघडी. उघडीत चारही ओवा आणि तिचं तोंड मिटा. मग पसरा. दोन डावीकडं, दोन उजवीकडं, मधली आडवी."

कलाबाईला रानाच्या पार त्या टोकाला कुणाची शेळी शिरली ते दिसायचं, पण नाकापुढची कडी दिसत नव्हती. चष्मा होता, तो कपाटात. शिवाय तिला गटात जायचं होतं ते चार बायकांत बसायला मिळतं म्हणून. कड्यांचा डबा आणि दोन पकडी तिनं ज्वारीच्या कणगीशेजारी ठेवून दिल्या आणि ती खुरपायला गेली.

पैलवानानं डबा उघडला तो खडे निवडायचा कंटाळा आला म्हणून. पहिल्या दिवशी त्यानं कड्यांची जी दशा केली ती बघवत नव्हती. पकडीत कडी धरली की त्याचा जुना पंजा जागा व्हायचा आणि कडीचा चिंचोका व्हायचा. काही उडून कणगीखाली गेल्या. त्यानं कड्यांना आई-बहिणीवरून शिव्या घातल्या, मग आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं आणि परत बसला. जोर केला की बिघडतंय हे त्याला पटायला बरेच दिवस लागले. जोर न करता करायचं असं कुठलंच काम त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

पण एकदा बोटांना उमगलं आणि गडी येडाच झाला. एका कडीच्या पोटात चार कड्या, त्या चारींच्या पोटात आणखी, अशी जाळी वाढत जायची. एक ओळ अशी कललेली, दुसरी तशी. कुठं तरी चारांऐवजी तीनच ओवल्या की तिथं भोक पडायचं आणि ते दहा ओळी पुढं गेल्यावर दिसायचं. मग उसवा परत. तो न कुरकुरता उसवायचा. पकडीच्या दातांनी मुलाम्यावर ओरखडे उठतात म्हणून त्यानं जुन्या तांबड्या लंगोटाची चिंधी कापून पकडींना गुंडाळली. लंगोटाला कात्री लावताना त्यानं मारुतीच्या तसबिरीला हात जोडले एवढंच. जाळी तळहातावर घेतली की मऊ कापडागत लोळायची. बोटं वळायला लागली होती, पण आता तो बोटांसाठी करत नव्हता. त्याला ते आवडत होतं, आणि आवडतंय याची त्याला भयंकर शरम वाटत होती.

कलाबाईनं एकदा अवचित येऊन पाहिलं आणि ती दारातच थबकली. "अवो, हे तुमी केलं?"

"दार लोटून घे आधी!"

"किती सुरेख हाय! वृषालीला सुदिक असं न्हाई जमत."

"कुनाला बोलायचं न्हाई. तुझं म्हनून दे गटात."

"माझं कसं म्हनू? मला येतंय का त्यातलं काय?"

"मग काय लोकांनी म्हनायचं, पैलवान घरात बसून बायकांचं दागिनं इनतोय? बांगड्या भरल्या म्हनतील."

कलाबाईनं हातातल्या बांगड्यांकडं एकदा बघितलं. त्याच बांगड्यांच्या हातांनी तिनं त्याचं शेत आणि म्हशी सांभाळल्या होत्या, तो आखाड्यांतून फिरत होता तेव्हा. मग तिनं जाळी उचलून पदरात बांधली. माल तिच्या नावानं गटात जाऊ लागला. बायका तिचा हात धरून बघायच्या, "आत्या, तुमच्या हातात जादू हाय," म्हणायच्या आणि ती घरी आली की दोन घास कमी जेवायची. पैलवान मात्र खुशीत होता. त्यानं नवरीसाठी कंबरपट्टा विणायला घेतला. पाच पदरी, मध्ये कड्यांचंच कमळ. असा दागिना गटात कुणी केला नव्हता.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानात गटाचं प्रदर्शन होतं आणि दुपारी हगामा. प्रदर्शनाचा नारळ फोडायला पैलवान, म्हणून तो फेटा बांधून पाहुण्यांच्या रांगेत बसला. शेजारी आबासाहेब, यात्रा कमिटीचे पुढारी. एके काळी पैलवानानं त्यांना आखाड्यात चीत केलं होतं, त्याचं उट्टं ते माईकवरून टोमणे मारून काढत. तालुक्याहून आलेल्या पाहुण्या बाईंना कंबरपट्टा इतका आवडला की त्या म्हणाल्या, "हे कुणी केलं? त्यांना पुढं बोलवा. दोन-चार कड्या विणून दाखवा ना आम्हाला."

वृषाली आनंदानं कलाबाईला हाताला धरून घेऊन आली. समोर टेबल, कड्यांची वाटी, दोन पकडी. सगळा मांडव मागं लोटला. कलाबाईनं पकड उचलली ती उलटी. कडी निसटली. दुसरी घेतली, तीही निसटली. तिच्या कपाळावर घाम आला. मग तिनं मान वर करून फक्त एकदा नवऱ्याकडं पाहिलं.

आबासाहेबांनी ती नजर टिपली. माईक त्यांच्याच हातात होता. "काय पैलवान? वहिनी घरी तुमच्याकडनं करून घेत्यात की काय?"

गंमतच केली होती त्यांनी. पण खरी गोष्ट अशी मांडवभर पसरली आणि पैलवानानं आधी धोतर चाचपलं. आता नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. एक शब्द. तो मोठ्यानं हसला. "आमच्या हाताला माती म्हाईत, आबासाहेब! असलं बायकी काम आपल्याला कुठलं?"

मांडव खदखदून हसला. कलाबाईनं पकड टेबलावर ठेवली. ती हलक्या आवाजात म्हणाली, "माझं न्हाई हे. इकत आनलंय म्या."

मांडवात कुजबुज सुटली. वृषालीचा चेहरा खर्रकन उतरला. अख्ख्या गटाच्या मालाकडं आता लोक संशयानं बघू लागले. कुणी तरी "चोरटी" म्हणालं, तेही पैलवानाला ऐकू आलं. कलाबाई पदर सावरून बायकांच्या मधून वाट काढत एकटी घरी निघाली आणि तिला वाट द्यायला बायका जरा जास्तच बाजूला सरकल्या.

दुपारी पैलवान हगाम्याला गेला. न जाऊन सांगतो कुणाला? लहान पोरांच्या, रेवड्यांच्या बक्षिसाच्या कुस्त्या सुरू होत्या, पण कोण पडलं, कोण उठलं, त्याला काही दिसत नव्हतं. आपण हसलो तो आवाज कानातून जात नव्हता. जन्मभर आपण ज्याला भ्यालो तेच आपण तिच्या वाट्याला आणलं, आणि वर दात काढून आणलं. त्याला स्वतःच्या फेट्याची शिसारी आली. त्यातच आबासाहेबांनी माईकवरून सकाळचा किस्सा रंगवून सांगितला आणि आखाड्याभोवतीचा सगळा गाव परत हसला.

पैलवान उठला. घरी गेला. कलाबाई कणगीला टेकून बसली होती. डबा आणि चिंधीच्या पकडी उचलून तो परत आला, थेट आखाड्याच्या कडेला बसला आणि माईक मागून घेतला. "कंबरपट्टा म्या केला. बायकोनं न्हाई, इकतचा बी न्हाई. म्या."

मग आबासाहेबच म्हणाले, "बघा रं! बायकोची अब्रू झाकाया स्वतःच्या अंगावर घेतलं! याला म्हनायचं गडी!" टाळ्या पडल्या.

पैलवानाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं कडी पिळून उघडली, चार ओवल्या, मिटली. परत उघडली, ओवली, मिटली. पोरं मोबाईलवर टिपत जवळ सरकली, मग गडी सरकले. तांबड्या चिंधीतली पकड त्या जाड बोटांत कशी फिरतेय ते बघता बघता मोठ्या कुस्तीचे मल्लही लंगोट बांधून तिथं येऊन उभे राहिले. जाळी बोटभर झाली तेव्हा कुणाला शंका उरली नव्हती. शिट्ट्या वाजल्या. "पैलवानाचा नाद न्हाई करायचा!" आबासाहेबांनी कौतुकानं दुसरा फेटा बांधला आणि हातात नारळ दिला. ज्या गोष्टीपायी सकाळी कलाबाई चोर ठरली होती, त्याच गोष्टीपायी दुपारी त्याचा सत्कार झाला.

तो घरी आला आणि फेटा, नारळ तिच्यापुढं ठेवून उभा राहिला. "सांगितलं म्या. समद्यांना सांगितलं."

"समदी कोन?"

"हगाम्याला सारा गाव हुता की."

"गडी हुते," कलाबाई म्हणाली. "हगाम्याला बाया कुठं येत्यात? म्या खाली मान घातली ती बायांत. तुमी फेटा घेऊन आला गड्यांतनं." तिनं नारळ उचलून देव्हाऱ्यापाशी ठेवला, कारण नारळाची काही चूक नव्हती. फेट्याला तिनं हात लावला नाही.

शनिवारी गटाची बैठक होती. कलाबाई जाणार नव्हती. पैलवान म्हणाला, "चल." ती पुढं, तो मागं. समाजमंदिरात बायका सतरंजीवर बसल्या होत्या. दोघांना पाहून बोलणं थांबलं. कलाबाई एका कडेला सगळ्यांच्या मागं जाऊन टेकली, पैलवान चपला काढतात तिथंच खाली बसला. गुडघे कटकन वाजले. कुणी तरी हसेल म्हणून तो थांबला. कुणीही हसलं नाही.

वृषालीनं पदर सारखा केला. "मामा, आम्हाला कळलं. कंबरपट्टा तुम्ही केला ते. फोनवर बघितलं सगळ्यांनी."

"त्ये सांगाया न्हाई आलो," पैलवान म्हणाला. त्याची नजर चपलांवरून वर येईना. आखाड्यात शेकडो गडी समोर असताना त्याचं असं कधी झालं नव्हतं. त्यानं उजव्या हाताची बोटं डाव्या मुठीत धरली. "त्या दिशी हिनं माझ्याकडं बघितलं. मला समदं म्हाईत हुतं. आन् म्या हसलो."

शेवटचा शब्द त्याच्या तोंडातल्या तोंडातच राहिला. बायका सतरंजीकडं बघत राहिल्या.

मागून कलाबाईचा आवाज आला, "मोठ्यानं सांगा. मागं ऐकू आलं न्हाई."