मी दोनच्या चौकटीत उभा राहिलो

हे सांगायचं मी तीस वर्षं टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही. आता वय झालंय आणि माझ्यामागे हे कुणी लिहिणार नाही. म्हणून लिहितोय.

शाळेच्या पटांगणात फक्कीने चौकटी आखल्या होत्या. एक ते सात. घरात जितकी भावंडं, त्या चौकटीत उभं राहायचं. मुलांच्या रांगांचाच स्तंभालेख होणार. कल्पना माझी. मी भाईंदरच्या एका खाजगी शाळेत नववीला भूगोल शिकवायचो. धडा लोकसंख्यावाढीचा होता. पाठ बघायला संस्थेचे अध्यक्ष आले होते. गावात त्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या.

दोनची आणि तीनची रांग लांब झाली. पाचमध्ये चौघं. सातमध्ये एकटी मुलगी. विशाखा.

अध्यक्ष तिच्यासमोर जाऊन थांबले. "ये देखो, इंडिया का प्रॉब्लेम." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, हिच्या घरी टीव्ही नाही वाटतं!"

शिक्षक हसले. मुलं हसली. निम्म्यांना विनोद कळलाही नसेल.

मीही हसलो.

विशाखा पाय जुळवून उभी होती. रेघेवर पाय पडू द्यायचा नाही, असं मीच बजावलं होतं.

आदल्या दिवशी ती विचारायला आली होती, "सर, मी उद्या नाही आले तर चालेल?"

"यायचंच," मी म्हणालो. सातमध्ये कुणीच नसेल तर आलेखाचं टोक दिसणार कसं? हे एक कारण. दुसरं कारण असं, की मला त्या मुलीची धास्ती होती; तिला सूट दिली तर आमची ओळख दिसली असती.

माझं आडनाव दोन्हीकडे चालणारं. मी बौद्ध आहे हे शाळेत कुणाला माहीत नव्हतं. कुणी "गाव कुठलं?" विचारलं की मी नुसता जिल्हा सांगायचो. मग "म्हणजे नेमकं?" त्यापुढचा प्रश्न कुणी तोंडाने विचारायचं नाही, पण विचारायचा तोच असायचा. खोली भाड्याने घेताना घरमालकाने जे गृहीत धरलं, ते मी खोडलं नाही. स्टाफरूममध्ये सवलतवाल्यांवर विनोद व्हायचे. मी चहा पीत राहायचो.

विशाखाचे वडील काशीमीऱ्याला गोदामात हमाली करायचे. आमच्याच जिल्ह्याचे, आमच्यातलेच. एकदा माझी आई गावाहून आली आणि विहारात जायचा हट्ट धरून बसली. तिथे विशाखाच्या आईशेजारी बसून तिने आमचं सगळं घर सांगितलं. आठ लेकरांची नावंसुद्धा. विशाखा ऐकत होती. मी दारात उभा होतो. त्या दिवसापासून वर्गात ती नुसती वर बघायची, तरी मला वाटायचं, आता ही बोलणार.

पटांगणात कुणीतरी ओरडलं, "सर, तुम्ही पण उभे राहा ना!" सगळा वर्ग ओरडायला लागला.

"हां मास्तर, होऊन जाऊ दे," अध्यक्ष म्हणाले.

मी जाऊन दोनच्या चौकटीत उभा राहिलो. आम्ही आठ भावंडं. आठची चौकट मी आखलीच नव्हती.

विशाखाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. तिने मान पुन्हा खाली घातली.

चौदा वर्षांच्या मुलीने मला वाचवलं. तेव्हा मला उपकार वाटले नाहीत. मला वाटलं, ही हे राखून ठेवणार. मी तिला मागच्या बाकावर बसवलं. तिने हात वर केला तरी मी दुसऱ्याला विचारायचो. महिन्याभरात ती यायची थांबली.

मग तिचे वडील आले. व्हरांड्यात, चपला हातात घेऊन. मुख्याध्यापक दारात उभे होते.

"सर, पोरगी साळंला यायना झालीय. तुम्ही सांगितलं तर ऐकल." मग म्हणाले, "आई बऱ्या हायत का?"

वाटलं, हा मुद्दाम विचारतोय. मुख्याध्यापकांना ऐकू जावं म्हणून.

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," मी म्हणालो. "मी तुम्हाला ओळखत नाही."

त्यांनी चपला खाली ठेवल्या. मग हात जोडले. "चुकलं सर." आणि गेले.

पुढच्या वर्षी अध्यक्षांचा निरोप आला. पाहुणे येणार आहेत, तोच पाठ पुन्हा घ्या. समोर भेटले तेव्हा हसत म्हणाले, "मस्त आयटम आहे तो. ती सातवाली आहे ना अजून?"

सातवाली. तिला नाव होतं. आणि हा शब्द त्यांच्या तोंडात मीच घातला होता, चौकट आखून.

मी पाठ घेतला. चौकटी आखल्या. पण एकही मूल उभं केलं नाही. नाव न लिहिता चिठ्ठ्या मागवल्या: घरात माणशी रोज किती बादल्या पाणी? टँकरचे दिवस होते. एकच्या चौकटीत चिठ्ठ्यांचा ढीग झाला. पाच चिठ्ठ्यांवर लिहिलं होतं, 'मोजत नाही.'

मी मुलांना म्हणालो, "जगाचंही असंच आहे. माणसं कुठे किती आहेत, हे पुस्तकात आहे. पाणी, धान्य, तेल कोण किती वापरतो, ते नाही. ते आपण विचारायचं."

अध्यक्ष पाहुण्यांसमोर म्हणाले, "मास्तर, हा काय भूगोल आहे?"

"मानवी भूगोल आहे."

"मागच्या वर्षी बरोबर शिकवलं होतंत."

"मागच्या वर्षी मी खोटं बोललो. मी दोनमधला नाही. आम्ही आठ भावंडं. मराठवाड्यातले बौद्ध."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझा नववीचा वर्ग गेला, पाचवीचं कार्यानुभव आलं. दोन महिन्यांत खोलीही गेली. मी राजीनामा दिला नाही. रिटायर होईपर्यंत गाव विचारणाऱ्याला मी पुढचं सगळं न विचारता सांगत आलो. पण जिच्यासमोर बोलायचं होतं, ती पटांगणात नव्हती. काशीमीऱ्याला जाऊन विचारलं. ते कुटुंब खोली सोडून गेलं होतं. मी एकदाच गेलो. दुसऱ्यांदा गेलो नाही.

मागच्या वर्षी सरकारी दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेलो. सिस्टरच्या छातीवर नावाची पट्टी होती. विशाखा. आडनाव वेगळं, डोळे तेच. माझ्या केसपेपरवर तिचं पेन जरा थांबलं. की मलाच तसं वाटलं? रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ती काका म्हणत होती.

"हात सैल सोडा, सर," ती मला म्हणाली.

पट्टा आवळला. सुटला.

"वाढलंय. कसलं टेन्शन आहे का?"

"नाही," मी म्हणालो. बाही खाली केली. मागचा माणूस पुढे सरकला.

हे लिहिलं म्हणजे माफी मागून झाली, असं कुणी म्हणू नये. मी स्वतःलाही म्हणू देणार नाही. माफी समोर उभं राहून मागायची असते. त्या दिवशी माझा दंड तिच्या हातात होता आणि ती मी मागितली नाही.